माळ्यावरचा पाळणा

आमच्या घरी माळ्यावर एक पाळणा आहे. सागवानी लाकडाचा, कातीव गजांचा, वर चार पितळी कड्या. एका कडीला लोकरीचा लाल गोंडा अजून बांधलेला आहे. गेली चाळीस वर्षं तो तिथंच आहे. अम्मा होती तोवर दरवर्षी पावसाळ्याआधी ती तो खाली काढायला लावायची, फडक्यानं पुसायची, लाकडावरून तेलाचं बोट फिरवायची आणि म्हणायची, "ह्यो आपला न्हवं बाबा. परत द्यायचा राह्यलाय." कुणाला द्यायचा ते तिला ठाऊक होतं. कुठं द्यायचा, ते मात्र सांगता यायचं नाही.

हा पाळणा मुंबईचा, गिरणगावातला. माझा जन्मही तिथलाच. परळच्या वाडिया हॉस्पिटलात मी जन्मलो. गिरणीत काम करणाऱ्यांच्या बायकांची बाळंतपणं नीट व्हावीत म्हणून 1926 साली वाडियांनी ते उभारलं. माझ्यासारखी हजारो सातारी, सांगलीकर, कोकणी पोरं तिथं जन्मली आणि लालबाग-परळच्या चाळींत वाढली. बाप साचेखात्यात, आई चुलीपाशी, आणि दिवस भोंग्याच्या हिशेबानं मोजायचा.

गिरण्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. 1854 साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं, तिथून त्याची सुरुवात होते. संप, युनियन, मुकादम, बदली कामगार, सगळं त्यात येतं. माणसं कुठून आली तेही येतं. सर्वांत जास्त रत्नागिरीकडून, आणि त्याखालोखाल घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर या भागांतून. आमचा खटाव, शेजारचा माण, पलीकडचे खानापूर, आटपाडी हा सगळा पावसाच्या सावलीतला मुलूख. 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. मुंबईच्या लेखी मात्र आम्ही सगळे एकच, घाटी. पाटण-शिराळ्याकडं पाऊस भरपूर, पण डोंगरउतारावरची जमीन पोटापुरती नाही, म्हणून तिकडचेही आलेच.

ही माणसं आली ती सुटी नाही आली, गावाला धरून आली. एखाद्या चाळीत गावाच्या नावानं खोली घ्यायची, तिला गावकीची खोली म्हणायचं. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस गडी. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे. या गावकीची वही असे. भाडं, वर्गणी, यात्रेचा खर्च, कुणी मेला तर त्याची माती करून घरच्यांना गावी पोचवण्याचा खर्च, सगळं त्यात लिहिलेलं. आमच्या गावकीची एक जुनी वही मी पाहिली आहे. शाई फिकी झाली असली तरी नावं वाचता येतात. त्यात माझ्या वडिलांचं नाव आहे, महिन्याच्या वर्गणीसकट. नावं सगळी पुरुषांची. बाईचं नाव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही नाही.

मग बायका नव्हत्याच का? होत्या. बहुतेकांच्या बायका गावी राहिल्या, हे खरं. अण्णा भाऊ साठे सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरांत पोचली, कारण गावी राहिलेल्या बायकोची आठवण हे गिरणगावातल्या प्रत्येक खोलीचं दुखणं होतं. पण ज्या मैना गावावर राहिल्या नाहीत, नवऱ्यामागं मुंबईला आल्या, किंवा नवरा मेला, नवऱ्यानं टाकलं म्हणून एकट्या आल्या, त्यांच्यावर आम्ही कवींनी फारसं लिहिलं नाही. मी स्वतःला यातून वगळत नाही. वडिलांच्या भोंग्यावर मी तीन कविता लिहिल्या. आमच्या चाळीच्या व्हरांड्यावर एकही नाही.

या बायका गिरणीतही होत्या. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागं एक बाई असे. रिळं भरण्याच्या, सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या असत आणि त्यांच्यावर नायकीण नावाची मुकादमीण. तान्हं मूल घरी ठेवून दहा-दहा तास उभं राहायचं, तर ते मूल झोपायला हवं. त्यासाठी बाळगोळी असायची. बाळगोळीत अफू. 1922 मध्ये डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टरबाईंनी मुंबईतल्या कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक तान्ह्या पोराला अफू दिली जात असल्याचं त्यांना आढळलं. ना. म. जोशींनी बाळंतपणाच्या रजेचं बिल दिल्लीत मांडलं, ते पडलं. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर अशा बिलाच्या बाजूनं बोलले आणि 1929 साली मुंबई प्रांतात कायदा झाला. देशातला तो तसा पहिला. पुढं गंमत अशी झाली की बाईला रजा द्यायची, तिला रात्रपाळी लावायची नाही, मग ती ठेवायचीच कशाला, असा हिशेब मालकांनी केला. नवी यंत्रं आली तसतशी बायकांची खाती कमी होत गेली. माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, गिरणीत बाई अगदी मोजकी उरली होती.

तिथून सुटलेली बाई खानावळीकडं वळली. वीस-तीस गड्यांना दोन वेळची भाकरी-कालवण करून घालायची. आमच्या शेजारची एक काकी पहाटे तीनला पिठाच्या डब्याशी बसायची. तिच्या भाकऱ्यांच्या थापटण्यानं मी जागा व्हायचो, भोंगा नंतर व्हायचा. पैसे पगाराला मिळायचे, म्हणजे महिनाभर किराणा उधार. वाण्याची उधारी वाढली की सावकार आणि सावकार आला की मंगळसूत्र गहाण. 1974 साली गिरण्यांचा 42 दिवसांचा संप झाला. गड्यांना पगार नव्हता, पण त्यांचं ताट थांबलं नाही. ते कुणी चालवलं, तर या बायकांनी, भांडी-कुंडी मोडून. हे प्रेमा पुरव यांनी पाहिलं. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. गिरणीतल्या गड्याला युनियन आहे, त्याला जेवू घालणारीला काय आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँका राष्ट्रीय होऊन सहा वर्षं झाली होती. पण बँकेला तारण हवं, आणि खानावळवालीकडं परातीशिवाय काय असणार? तेव्हा बायकांनी एकमेकींची हमी घेतली. एक चुकली तर बाकीच्या भरतील. पहिल्या खेपेला 14 जणींना कर्ज मिळालं. पुढं हजारो जणी आल्या.

ही हमीची कल्पना नवी म्हणून तिचं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं. पण मला वाटतं, बँकेच्या कागदावर ती नवी होती, व्हरांड्यावर नव्हती. तिथं ती कितीतरी आधीपासून चालू होती, फक्त पैशात नव्हती.

अम्माचंच सांगतो. ती लग्न होऊन खटावातून थेट चाळीत आली, तेव्हा सतरा वर्षांची होती. आमच्या जातीची माणसं चाळीत दोन घरं. नागपाड्याला, मदनपुऱ्यात मुसलमान पुष्कळ, पण ते उत्तरेकडचे विणकर. त्यांची उर्दू अम्माच्या डोक्यावरून जायची आणि हिचं दखनी ऐकून त्या बायका हसायच्या. तेव्हा तिची माणसं म्हणजे त्या मजल्यावरच्या बायकाच. त्यांना नावं नव्हती. म्हणजे असतील, पण कुणी वापरत नसे. गावावरून हाक. विट्याची, कराडवाली, संगमेश्वरवाली, पाटणवाली. अम्मा झाली खटाववाली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माझ्या वेळी अम्माची आई आजारी होती, आणि गावी करणारं दुसरं कुणी नव्हतं. वाडियातून तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं आणि मजल्यानं तिला ताब्यात घेतलं. विट्याच्या बाईनं शेगडी पेटवली, ओव्याची धुरी दिली. कराडवालीनं डिंक आणि खारीक-खोबरं कुटलं. संगमेश्वरवालीकडून अळिवाची खीर यायची. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर लिहिते, म्हणून त्या रात्री त्या सगळ्या आमच्या खोलीत जागल्या. आमच्यात छट्टी असते, ती सहाव्या दिवशी. वडिलांनी हळूच तसं म्हटल्यावर कराडवाली म्हणाली, "मग उद्या बी जागू." हिंदूंचा सव्वा महिना, आमचे चाळीस दिवस. दोन-तीन दिवसांचा काय तो फरक. जो मोठा हिशेब तो धरायचा, असं ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात अम्मा तापानं फणफणली. दूध आटलं. पाटणवालीची मुलगी चार महिन्यांची होती. ती उठली, मला उचललं आणि पदराखाली घेतलं. ना कुणाला विचारलं, ना कुणी अडवलं. दोन महिने मी तिच्या अंगावर होतो. आमच्या धर्मात दुधाचं नातं रक्ताच्या नात्यासारखं मानतात. जिचं दूध प्यालो ती आई आणि तिची पोरं सख्खी भावंडं, त्यांच्यात लग्न होत नाही. मी जरा मोठा झाल्यावर अम्मानं मला हे बजावून सांगितलं. पाटणच्या काकीला सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. म्हणाली, "आगं, मराठ्याच्या पोरीचं लगीन मी तुज्या पोराशी लावीन असं वाटलं व्हय तुला?" मग दोघीही हसल्या. पण त्या वर्षापासून राखीपौर्णिमेला तिच्या पोरीनं मला राखी बांधली, ती चाळ सोडेपर्यंत.

आता तो पाळणा. तो संगमेश्वरवालीच्या नवऱ्यानं केला होता. गिरणीच्या सुतारखात्यात होता तो. लाकूड कुठून आणलं हे त्याला कुणी विचारलं नाही. पहिल्यांदा त्याच्याच मुलासाठी केला, मग तो मजल्याचा झाला. नियम सोपा. ज्या खोलीत नवं बाळ, तिथं पाळणा. आधीच्या बाळाची रवानगी साडीच्या झोळीत. द्यायच्या आधी धुवायचा, दोरी नवी लावायची, आत नारळ ठेवून द्यायचा. एकदा विट्याच्या बाईचं बाळ तीन आठवड्यांत गेलं. पाळणा रिकामा झाला. त्याच सुमाराला कोपऱ्यातल्या खोलीत एक बाळंतीण आली होती, पण तिनं पाळणा मागितला नाही आणि कुणी नेऊनही दिला नाही. महिना-दीड महिना तो विट्याच्या बाईच्या खोलीत तसाच होता. एके दिवशी तिनंच तो नळावर नेऊन धुतला, दोरी लावली आणि कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन ठेवला. नारळही ठेवला. अम्मा ही गोष्ट सांगताना इथं थांबायची.

काही वर्षांपूर्वी परदेशांतल्या चिनी वस्त्यांबद्दल वाचत होतो. सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या चिनी कामगारांच्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या संस्था होत्या. नवा आला की त्याला निजायला जागा, कामाचा पत्ता, मेला तर त्याची हाडं मायदेशी पाठवायची सोय. वाचताना वाटलं, ही तर आपली गावकी. तिथंही बायका फार थोड्या, कारण अमेरिकेनं 1875 आणि 1882 च्या कायद्यांनी चिनी बायकांची आणि कामगारांची वाट अडवली. ती 1943 साली थोडीशी उघडली. (चिनी माणसं आपल्या साताऱ्यातही होती. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला चिनी कैदी आणून ठेवले होते. त्यांनी तिथं भाजीपाल्याचे मळे केले. चायनामन धबधबा हे नाव त्यांचंच. तेही गाळ्यातले एकटे गडीच.) पुढं चिनी बायका परदेशी जाऊन राहू लागल्या, आया झाल्या, तेव्हा त्यांच्यापुढं अम्मासारखाच पेच आला. त्यांच्यात बाळंतिणीनं महिनाभर घरात बसायची रीत आहे. थंड पाणी नाही, वारा नाही, आल्याचं गरम गरम खाणं आणि कोंबडीचा रस्सा. हे सगळं आईनं किंवा सासूनं करायचं. आई तर समुद्रापलीकडं. मग आपल्या बोलीच्या बायका शोधायच्या, त्यांनी आलं कुटायचं. आलं असो नाहीतर डिंक, तो कुटायला कुणीतरी लागतंच.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. माझी धाकटी बहीण तेव्हा तीन महिन्यांची होती आणि पाळणा आमच्याकडं होता. पहिले सहा महिने गावाकडून ज्वारी आली, शेंगा आल्या. खानावळवाल्या काकीनं उधारीवर जेवू घातलं, मग तिचं तिलाच मिळेना. पुढं खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. विट्याची बाई गेली, कराडवाली गेली. 83 च्या उन्हाळ्यात वडिलांनीही ट्रक ठरवला. बहीण पाळण्यातच झोपली होती. पाटणची काकी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, झोप मोडू नगंस. संप मिटला की येशीलच, तवा घिऊन ये." आणि कडीला तिनं तो लाल गोंडा बांधला, दृष्ट लागू नये म्हणून.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आम्ही परत गेलो नाही. अम्मा स्वतःच्या गावात आली खरी, पण तिथल्या बायका तिला मुंबईवाली म्हणायच्या. सोळा वर्षं तिचा दिवस ज्यांच्यात गेला, त्या बायका एकाच वर्षात जिल्हाभर पांगल्या. कुणालाच लिहिता येत नव्हतं. वडिलांची गावकी टिकली, वर्षातून एकदा यात्रेला भेटायची. अम्माची गावकी कुठं भेटणार?

मी बी. ए. होऊन सांगलीला नोकरीला लागल्यावर शोध घेतला. चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. वडिलांना तिच्या नवऱ्याचं आडनाव आठवत होतं, पवार. पाटण तालुक्यात पवारांची घरं किती, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. ढेबेवाडीच्या बाजारात मी दोन-तीनदा जाऊन बसलो. वयस्कर बाई दिसली की विचारायचो, गिरणगावात होता का? बऱ्याच जणी होत्या. लालबागला, शिवडीला, नायगावला. एकीनं मला चहा पाजला आणि तिच्या मजल्यावरच्या एका मिरजवालीबद्दल विचारलं, सांगलीला राहतोस तर तुला माहीत असेल म्हणून. तिलाही नाव माहीत नव्हतं.

2019 साली अम्मा गेली.

आता माझी भाची कोइमतूरला असते. जी पाळण्यात झोपून ट्रकमधून आली, त्या बहिणीची ही मुलगी. नवरा तिथं नोकरीला. तमिळ येत नाही, घरात दोघंच. पहिल्या वर्षी फोनवर रोज रडायची. मग एके दिवशी बाजारात तिला मराठी ऐकू आलं. ती गलाईवाल्यांची माणसं होती. विटा, खानापूर, आटपाडी भागातली ही माणसं सोनं गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरली आहेत, 1972 च्या दुष्काळानंतर तर जास्तच. सराफ बाजारातलं जुनं सोनं, दुकानांतली धूळमाती भट्टीत घालायची, तेजाबानं शुद्ध करायची. धंद्याबद्दल पेपरांत येतं. भट्टीच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या बायकांबद्दल क्वचितच. गावापासून हजारभर किलोमीटरवर, ॲसिडच्या वासात पोरं वाढवायची, त्यांना शाळेत तमिळ आणि घरात मराठी शिकवायची, दवाखान्यात खुणांनी बोलायचं. त्यांची भिशी आहे, गणपती आहे, आणि आता मोबाईल आहे, त्यामुळं कुणी हरवत नाही. भाचीला त्यांनी विचारलं, कुठली गं तू? ती म्हणाली, मूळची खटावची. तेव्हापासून ती तिथं खटाववाली.

तिला आता दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत आणि बाळंतपण तिथंच करायचं ठरलं आहे. डिंक विट्याहून निघाला सुद्धा. परवा बहिणीचा फोन आला. म्हणाली, "भाईजान, पाळणा पाठवतोस का?" मी म्हटलं, तो आपला कुठं आहे? ती म्हणाली, "जिथं बाळ तिथं पाळणा, असंच होतं ना?"

पाळणा खाली काढला. एक गज निखळला होता, तो सुताराकडून बसवून घेतला. दोरी नवी लावली. कड्या त्याच आहेत. पुढच्या आठवड्यात विट्याहून तिकडं जाणाऱ्या एका गाडीत तो जाईल, आत नारळ ठेवून. गोंडा तेवढा मी सोडवून घेतला आहे. पाटणची काकी कुठं भेटलीच, तर ओळख पटवायला काहीतरी हवं.